अकराशेच्या आत : एका जुन्या रेसिंग फियाटचं कोल्हापुरातलं रिस्टोरेशन

कोल्हापुरात जुन्या गाडीचं काम काढलं की पार्ट मिळणार नाही ही भीती नसते. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत पॅटर्न होतो, दुसरीत ओतला जातो, तिसरीत लेथवर चढतो. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं करत वाढलेला हा धंदा आहे. फियाटचा एखादा ब्रॅकेट इथल्या टर्नरला चहाच्या आधीचं काम. पण हीच सोय जुन्या रेसिंग गाडीच्या मुळावर येते. सगळंच नवं करता येतं म्हटल्यावर सगळंच नवं केलं जातं, आणि उरते ती जुन्या नंबरची नवी गाडी. या कामात आमची निम्मी डोकेफोड कुठल्या भागाला हात लावायचा नाही हे ठरवण्यात गेली.

गाडी म्हणजे १९६०च्या दशकातली दोनआसनी उघडी ‘स्पेशल’, म्हणजे तयार गाडीचे भाग घेऊन घरगुती बांधलेली. तीन इंची पाइपांची शिडीसारखी चॅसी, त्यावर फियाट ११००चं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि पुढचं सस्पेन्शन. बॉडी हातानं ठोकलेल्या ॲल्युमिनियमची. इंजिनावर सव्वा इंची जुळे एसयू कार्ब्युरेटर आणि खाली पंख असलेला ओतीव ॲल्युमिनियमचा संप (तेलाचं भांडं), म्हणजे बांधणाऱ्याला काय हवं होतं ते स्पष्ट आहे. बरीच वर्षं गुऱ्हाळाच्या शेडमध्ये पडून होती. २०१९च्या महापुरात दाराच्या कडेपर्यंत पाण्यात होती. पुढच्या बऱ्याच कामाचं मूळ या एका वाक्यात आहे.

या इंजिनाचा वंश सांगितल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत. ६८ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), १०८९ सीसी. ही मापं १९३७च्या फियाट ५०८ सी या गाडीची, आखणारा दान्ते जियाकोसा. ओव्हरहेड व्हॉल्व्ह, ॲल्युमिनियमचं हेड, तीन मेन बेअरिंगांचा क्रँक. साधं, हलकं, आणि थोडं घासूनपुसून दिलं तर जोरात फिरणारं. महायुद्ध संपल्यावर ट्युरिनच्या पिएरो दुसिओनं चिसितालिया डी४६ ही एकआसनी रेसिंग गाडी काढली ती याच इंजिनाभोवती, ड्राय संप (तेल इंजिनाखाली नाही, वेगळ्या टाकीत) लावून. आखणीत हात पुन्हा जियाकोसाचाच. १९४६च्या ट्युरिनमधल्या कोप्पा ब्रेत्झी शर्यतीत इटालियन रेसिंग ड्रायव्हर नुवोलारीच्या हातात या गाडीचं स्टिअरिंग व्हील निखळून आलं आणि तो ते हातात धरून गाडी चालवत राहिला, तो प्रसंग याच गाडीचा. पुढे मोडेनाच्या स्तांग्वेलिनीनं फॉर्म्युला ज्युनिअरसाठी पुढे इंजिन असलेली गाडी बनवली. तो वर्ग काउंट जोव्हानी लुरानी यांनी मांडला होता : रोजच्या गाडीतलं इंजिन, ११०० सीसीची मर्यादा आणि त्याला किमान ४०० किलो वजन. इंजिन पुन्हा फियाट ११००चंच.

आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सनं १९५०च्या दशकात फियाट ११०० आणली. डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी अशी नावं बदलत गेली, बोअर-स्ट्रोक तेच राहिले. नुवोलारीच्या गाडीचं आणि मुंबईच्या काळी-पिवळी टॅक्सीचं इंजिन एका घराण्यातलं. मद्रासजवळच्या शोलावरमला महायुद्धातल्या विमानपट्टीवर शर्यती भरत, तिथे अशा घरगुती स्पेशल गाड्या पळत. १९९०मध्ये इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक झाला आणि तो जमाना मागे पडला. मुद्दा हा की या गाडीची ओळख तिच्या ११०० सीसीच्या वर्गात आहे, आणि ब्लॉक बोअर करताना ती ओळख नकळत पुसली जाऊ शकते. त्यावर पुढे येतो.

खोलायच्या आधी कागद. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद झाली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी चालवता येत नाही. यातली खरी अट वेगळीच आहे : गाडी मूळ रूपात हवी आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. स्पेशल गाडीच्या बाबतीत ‘मूळ रूप’ म्हणजे ती पहिल्यांदा बांधली तेव्हाचं रूप, आणि ते दाखवायची जबाबदारी मालकावर. म्हणून प्रत्येक जोड, प्रत्येक शिक्का, प्रत्येक जुनं वेल्डिंग काम सुरू होण्याआधी मोजपट्टीसह फोटोत घेतलं. जुन्या गाड्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ फिव्हानं २०१२मध्ये मान्य केलेल्या ट्युरिन सनदेतही जोर यावरच आहे : जपणूक आधी, रिस्टोरेशन नंतर, आणि केलेल्या कामाची नोंद हवीच. आम्ही एक नियम बांधून घेतला. तुटल्यावर जिवावर बेतेल असा भाग संशय आला तरी नवा. बाकी सगळं आधी दुरुस्तीच्या रांगेत.

चॅसी

पुराच्या पाण्यात गेलेल्या पाइपाच्या चॅसीत गाळ असतोच. पंचगंगेचा गाळ बारीक, चिकट. आत सुकला की पोपडा धरतो आणि प्रत्येक पावसाळ्यात ओल शोषून पाइप आतून खातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. हातोडीनं वाजवून फरक कळतो, पण आकडा हवा. अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज घेऊन दर १०० मिमीवर खाली, वर आणि दोन्ही बगलांना मापं घेतली. चौदा गेजचा पाइप म्हणजे २.०३ मिमी भिंत. बहुतेक ठिकाणी १.८च्या वर आली. मागच्या ॲक्सलच्या अलीकडे, जिथे पाइप सगळ्यात खाली येतो, तिथे १.२पर्यंत उतरली होती. १.५च्या खालचा पाइप कापायचा, वरचा ठेवायचा, असं ठरवलं.

इथे एक नेहमीची फसगत. बाजारात तीन इंची पाइप मागितला की पाण्याचा ६५ एनबी पाइप पुढे येतो. बाहेरचा व्यास ७६.१ मिमी, जुन्या ७६.२ला डोळे झाकून जुळतो. पण भिंत हलक्या वर्गातही ३.२ मिमी. मीटरला दोन किलो वजन वाढतं हे सोडा. पातळ पाइपांच्या मध्ये एक जाड तुकडा आला की चॅसीचा पीळ त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना साचतो आणि तडा जोडाशेजारी जुन्या पाइपात जातो. म्हणून २ मिमी भिंतीचा ईआरडब्ल्यू ट्यूबच शोधायचा. जोड सरळ आडवा कापू नये. माशाच्या तोंडासारखा तिरका कापायचा, आत साधारण दीड व्यास लांबीची घट्ट बाही घालायची, बाहेरच्या पाइपाला भोकं पाडून बाही प्लग वेल्डनं धरायची आणि मग कडेनं टिग वेल्डिंग.

दुसरी अडचण पितळेची. ही चॅसी गॅसनं, पितळ भरून जोडलेली आहे. त्या काळी पुष्कळ गाड्या अशाच होत आणि नीट केलेला पितळी जोड उत्तम टिकतो. पण मधल्या काळात कुणीतरी काही जोडांवर आर्क वेल्डिंगचे थर चढवले होते. पितळ ओलं झालेल्या पोलादावर वेल्डिंग केलं की वितळलेलं तांबं तापलेल्या, ताणात असलेल्या पोलादाच्या कणांमधल्या फटींत शिरतं आणि जोडाच्या कडेला केसासारखे तडे पडतात. जस्त उकळून बुडबुडे होतात ते वेगळे. डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा लाल रंग) मारल्यावर पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघा उठल्या त्या अशाच जोडांवर. न छेडलेला एकही पितळी जोड तडकलेला निघाला नाही.

उपाय कष्टाचा आहे. वेल्डचा थर ग्राइंडरनं काढायचा, पितळ लागलेला भाग चकचकीत पोलाद लागेपर्यंत कापायचा, गरज पडली तर पाइपाचं टोकच नवं जोडायचं आणि पुन्हा पितळानंच भरायचं. पितळी रॉड ९००° सेल्सियसच्या आसपास वितळतो. पाइप गडद नाही, चेरीसारखा लाल झाला की फ्लक्स काचेसारखा पसरतो आणि पितळ आपोआप फटीत ओढलं जातं. ज्योत एका जागी धरून ठेवली तर जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो दिसला की जास्त तापलं. हे काम करणारे हात आता कमी राहिलेत. टिगवाले गल्लीला चार मिळतील, स्वच्छ ब्रेझिंग करणारा मेस्त्री शोधावा लागतो.

कापण्या-जोडण्याच्या आधी चॅसी सपाट लोखंडी टेबलावर बांधून घेतली होती. ओळंबे सोडून जमिनीवर बिंदू उतरवले आणि कर्ण मोजले. दोन कर्णांत ३ मिमीच्या आत फरक राहिला तर चालतं. जोडकाम एका बाजूला, मग समोरच्या बाजूला असं आलटून पालटून. शेवटी पाइपांतून दाबाचं पाणी, मग वाळवून गरम मेणाची फवारणी, आणि सगळ्यात खालच्या बिंदूला ६ मिमीचं भोक. मूळ चॅसीला ते नव्हतं. हा फेरफार आम्ही जाणूनबुजून केला आहे आणि नोंदीत लिहिला आहे.

इंजिन

अडकलेलं इंजिन क्रँकच्या नटाला पाना लावून हिसक्यानं फिरवायचा मोह आवरावा. प्लगच्या भोकांतून ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल निम्मं निम्मं ओतून ठेवायचं, पातळी उतरली की पुन्हा भरायचं, आणि फ्लायव्हीलच्या दात्यांवर दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवत राहायचं. ॲल्युमिनियमचं हेड स्टडवर गंजानं धरलेलं असतं. छिन्नी घातली तर फेस गेलाच. स्टडभोवती तेच मिश्रण, हलकी उष्णता, आणि हेड वर येताना चारी बाजूंनी सारखं.

बोअर खड्डेदार निघाले. पुराचं पाणी ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा त्यात शिरतं आणि रिंग जिथे थांबल्या तिथे गंजाचं कडं पडतं. आता सीसीचा हिशोब. ०.२ मिमी मोठा बोअर केला तर १०९६ सीसी. ०.४ केला तर ११०२. म्हणजे एका नेहमीच्या ओव्हरसाइज पिस्टननं गाडी ११०० सीसीच्या वर्गातून बाहेर जाते. ७५ मिमी स्ट्रोकला ११००ची हद्द ६८.३३ मिमी बोअरवर येते. खड्डे त्याहून खोल होते. टॅक्सी असती तर बेलाशक मोठा पिस्टन घातला असता. इथे बाही घालून पुन्हा ६८वर यायचं ठरलं.

दोन मिमी भिंतीची कोरडी बाही म्हणजे ब्लॉक ७२ मिमीपर्यंत उघडायचा. त्याआधी पाण्याच्या जॅकेटकडची भिंत गेजनं चहूबाजूंनी मोजायची, कारण जुन्या ओतकामात कोअर (पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) सरकलेला असतो आणि एका बाजूला जेवढं जास्त तेवढं दुसऱ्या बाजूला कमी. बाहीला ०.०५ मिमी दाब ठेवून हायड्रॉलिक प्रेसवर बसवल्या. खाली ब्लॉकमध्ये पायरी ठेवायची म्हणजे बाही घसरत नाही. चारही बसल्यावरच फिनिश बोअरिंग, कारण शेजारची बाही दाबली की आधीचा बोअर आवळतो. होनिंग करताना वर ४० मिमी जाडीची ओतीव प्लेट गॅस्केटसह हेडइतक्याच टॉर्कनं आवळली. तसं केलं नाही तर टेबलावर गोल दिसणारा बोअर हेड बसल्यावर वाकडा होतो आणि रिंगांच्या नावानं खडे फोडले जातात. पिस्टनला ०.०४ ते ०.०५ मिमी फट, माप स्कर्टच्या खालच्या कडेला, पिनच्या काटकोनात.

ब्लॉकचा वरचा फेस फक्त सपाट होण्यापुरता घासला. ब्लॉकवरच्या नंबराच्या पट्टीला ना कटर लागू दिला ना शॉट ब्लास्टिंगची धार. त्या पट्टीवर टेप आणि वर पत्र्याचा तुकडा हा खर्च दोन रुपयांचा. पट्टी गेली तर गाडीची निम्मी किंमत गेली. वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) काढून जॅकेट धुतलं तेव्हा मागच्या सिलिंडरभोवती गाळ विटेसारखा बसला होता. तारेनं खरवडून काढावा लागतो, नुसत्या ॲसिडनं सुटत नाही.

क्रँक ग्राइंडिंगला देताना अंडरसाइज नंतर सांगा, आधी फिलेटची त्रिज्या सांगा. जर्नल जिथे वेबला भेटतो तिथला गोलवा मूळ मापाचाच हवा. ग्राइंडरचा दगड काटकोनी धारेचा असेल तर तिथे रेघ पडते आणि क्रँक नेमका तिथूनच तुटतो. ग्राइंडिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट. फाउंड्री, फोर्जिंगवाल्यांमुळे कोल्हापुरात अशा तपासण्या सहज होतात, त्यात कंजुषी करायचं कारण नाही. बेअरिंगची तेलाची फट व्यासाच्या हजारांशाच्या आसपास, प्लास्टिगेजनं (दबून फट दाखवणाऱ्या प्लास्टिकच्या धाग्यानं) तपासलेली.

फ्लायव्हील मात्र नवं केलं. जुनं ओतीव लोखंडाचं होतं आणि शर्यतीसाठी लेथवर खूप बारीक केलेलं. ओतीव लोखंड ताणात कच्चं; सहा हजार फेऱ्यांवर ते फुटलं तर तुकडे थेट पायांच्या जागेत येतात. ईएन८ पोलादाचं गोल वळवून, स्टार्टर रिंग तापवून बसवून, क्रँकसकट बॅलन्स केलं. जुनं पेटीत आहे.

हेडला दाबाची तपासणी ८०° पाण्यात केली, थंडीत बंद राहणारा तडा गरमीत बोलतो. चेंबर ब्युरेटनं मोजले : ग्रीस लावलेली ॲक्रिलिक प्लेट, एका भोकातून केरोसीन. एका सिलिंडरचं आकारमान २७२.४ सीसी. ९:१ कॉम्प्रेशन हवं तर वरची एकूण जागा ३४ सीसी हवी. त्यातून १.२ मिमी गॅस्केटचे साधारण ४.६ आणि पिस्टन ०.३ मिमी खाली राहतो त्याचे १.१ वजा केले की चेंबरला २८.३ उरतात. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत आणले. याहून जास्त कॉम्प्रेशन काढता आलं असतं, पण जुन्या हेडमधून अजून अर्धा मिमी घासणं म्हणजे पुढच्या माणसाच्या वाट्याचं धातू आज खाणं.

संप

ओतीव संपाला ड्रेनच्या बॉसमधून आरपार तडा होता, त्यावर इपॉक्सीचा गोळा. आधी दुरुस्तीच करून पाहिली. साठ वर्षं तेल प्यायलेलं ॲल्युमिनियम टिग खाली धरलं की काळं उकळतं. भट्टीत २००° वर भाजून, पुसून, पुन्हा भाजूनही तडा बॉसच्या मुळाशी सच्छिद्र निघाला. इथे नवा संप ओतणं रास्त होतं, आणि हे काम या गावाइतकं सहज क्वचितच कुठे होत असेल.

जुनाच संप मातीत दाबून साचा उचलायचा हा पहिला सल्ला मिळतो. करू नये. ॲल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्के आक्रसतं. ४२० मिमीच्या फ्लँजवर ते साडेपाच मिमी होतात आणि बोल्टांची भोकं एकमेकांना ओळख देत नाहीत. शिवाय फेसला मशीनिंगसाठी धातू उरत नाही. म्हणून जुन्यावरून मापं उतरवून आकसपट्टीनं सागवानी पॅटर्न केला : फेसला ३ मिमी मशीनिंग भत्ता, उभ्या भिंतींना दीड ते दोन अंश उतार, पंखांना थोडा जास्त, कारण पातळ पंख मातीतून निघताना कडा ओढून आणतात. आतल्या पोकळीसाठी वेगळी कोअर पेटी, सीओटू वाळूची.

एक बदल आत केला. जुन्या संपात आडवे पडदे नव्हते. लांब वळणावर तेल एका बाजूला चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि दोन सेकंदांत बिग एंड जातो. चिसितालियासारखा ड्राय संप असला की ही अडचण येत नाही. आम्ही ओतीव रूप बाहेरून तसंच ठेवून आत १.५ मिमी पत्र्याचे पडदे, पिकअपकडे उघडणाऱ्या झडपांसह, स्क्रूनं बसवले. काढले की गाडी पूर्ववत.

धातू एलएम२५, हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. ओतताना ७०० ते ७२०° च्या दरम्यान ठेवायचा. जास्त तापवला की हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषतो आणि थंड होताना सुईच्या टोकाएवढी छिद्रं सोडतो. जुलैत, बाहेर संततधार असताना, हे हमखास होतं. डीगॅसिंग नीट केलेला, ढवळाढवळ न करता शांतपणे ओतलेला नग घ्या, आणि साचा, कढई, मळी काढायची पळी सगळं कोरडं आहे ना बघा. मग टी६ ही कडक करायची उष्णता-प्रक्रिया : ५३०° च्या आसपास काही तास, गरम पाण्यात विझवणं, आणि १६०-१७०° वर दहा तास मुरवणं. शेवटी केरोसीन भरून बाहेरून खडूची पूड लावून रात्रभर ठेवला. ओली ठिपकी दिसली नाही, म्हणजे पास. नव्या संपावर आतल्या बाजूला ओतल्याचं साल कोरलं आहे, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला हा मूळचा वाटू नये.

बॉडी

अठरा गेजचं ॲल्युमिनियम, १.२ मिमी. नाकावर लांबीचा (पुट्टीचा) थर बोटभर जाड होता. सँड ब्लास्टिंग इथे वर्ज्य, पत्रा ताणून लाटा येतात. रासायनिक स्ट्रिपर, लाकडी खरवडणी, भरपूर पाणी. पण त्याआधी रंगाचे थर वाचायचे. रुपयाएवढ्या जागेवर ८०० नंबरपासून सुरू करून गोल गोल घासत गेलं की थर वर्तुळात उघडतात. दाराखाली हिरवा, त्यावर लाल, मग निळा. आणि हिरव्यावर बॉनेटच्या मध्याला पांढऱ्या वर्तुळाची कड, म्हणजे शर्यतीचा नंबर होता तो हिरव्या रंगावर. बाहेरून हिरवा घ्यायचा निर्णय त्यातून आला. डॅशबोर्डच्या मागची बाजू, सीटमागचा पत्रा आणि डिकीचा आतला भाग धुऊन मेण लावून जसाच्या तसा ठेवला आहे. पुढे कुणी रंगावर शंका घेतली तर पुरावा गाडीतच आहे.

ठोकाठोकीनं ॲल्युमिनियम कडक होतं आणि पुन्हा ठोकलं की फाटतं. नरम करायला गॅसची मऊ ज्योत, पण ॲल्युमिनियम रंग बदलून सांगत नाही, थेट कोसळतं. कपडे धुवायच्या साबणाची रेघ ओढायची. ती तपकिरी-काळी झाली की पत्रा ३५०-४००° ला पोचला, ज्योत बाजूला. मग वाळू भरलेल्या चामडी पोत्यावर बाभळीच्या मोगरीनं. तड्याच्या टोकाला ३ मिमी भोक पाडून मगच गॅस वेल्डिंग, आणि नंतर फ्लक्स उकळत्या पाण्यानं ब्रशनं धुवायचा, दोन्ही बाजूंनी. राहिलेला फ्लक्स वर्षभरात रंगाखालून फुगतो.

पत्र्याची कड जिथे पोलादी कमानीवर बसते तिथे पांढरी पूड झालेली असते. दोन धातू आणि ओल, दुसरं काय होणार. कमानीला इपॉक्सी, मध्ये कापडी पट्टी बॅरिअर पेस्ट लावून, रिव्हेट ॲल्युमिनियमचेच, ३.२ मिमी. रंग दसऱ्यानंतर. छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा कोल्हापूरची हवा कोरडी व्हायला लागलेली असते. त्याआधी टू-के रंग मारला तर हार्डनर ओलाव्याशी बोलतो आणि पृष्ठभागावर फोड येतात. उघड्या ॲल्युमिनियमवर एचिंग प्रायमर त्याच दिवशी, वर इपॉक्सी, मग सिंगल स्टेज हिरवा. क्लिअर कोट नाही. १९६०मध्ये कुठली गाडी आरशासारखी चमकत होती?

वायरिंग आणि सीट यांत सांगण्यासारखं फार नाही. जुन्या धाटणीची कापडी वेष्टणाची वायर, दोन जास्तीचे फ्यूज, एक मेन कटऑफ. सीटचं चामडं जुनंच, शिवण नवी.

ब्रेक, पेट्रोल, पहिला स्टार्ट

जुन्या शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर हवेचा पाइप मारणं बंद. ओल्या फडक्यानं पुसायचं. व्हील सिलिंडर पुरानं खड्डेदार झाले होते, त्यांना पितळी बाही घालून मूळ बोअरवर आणलं. नवी लायनिंग ड्रमच्या गोलाईला घासून घ्यायची, नाहीतर शू टोकांवरच टेकतो आणि पहिल्या वळणावर गाडी एका बाजूला ओढते. एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर आमच्या नियमात बसत नव्हता. एक पाइप फुटला की चारही ब्रेक जातात. फ्लोअरखाली टँडम (दोन सर्किटांचा) बसवला, मूळ ब्रॅकेटच्याच भोकांत. किंगपिनचे बुश नवे, दोन्ही एकाच लांब रीमरनं एका सरळीत. वेगवेगळे रीम केले तर पिन बसतो पण स्टिअरिंग जड होतं. स्टब ॲक्सल आणि स्टिअरिंग आर्म क्रॅक टेस्ट करून जुनेच.

गिअरबॉक्समध्ये गाळ गेला असेल तर सगळे बेअरिंग बदलायचे, त्यात निवड नाही. तेल एसएई ९०, पण जीएल-४. जीएल-५मधलं गंधक सिंक्रोच्या पितळी रिंगा खातं.

पेट्रोलची गोष्ट नवी आहे. पंपावरचं ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) जुन्या रबराला फुगवतं आणि एसयूच्या जेटखाली असलेल्या कॉर्कच्या सीलमधून थेंब थेंब गळायला लागतं. कॉर्कऐवजी व्हायटनच्या ओ-रिंग, पाइप फ्लुओरो रबराचे. थ्रॉटलचा स्पिंडल जिथे झिजतो तिथून हवा घुसते आणि आयडलिंग कधीच जमत नाही. बॉडी रीम करून बुश घातले. ई२०ला हवेच्या प्रमाणात सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणून सुया एक पायरी जाड मिश्रण देणाऱ्या. पारख जुनीच : पिस्टन मिलिमीटरभर उचला. आवाज वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड, इंजिन बसलं तर पातळ, किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. पावसाळ्याआधी टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करायचे, कारण इथेनॉल ओल ओढतं आणि ॲल्युमिनियमच्या टाकीत तळाला पांढरा चिखल होतो.

स्टार्टच्या आधी पंप ड्रिलनं फिरवून गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत थांबलो. सपाट टॅपेटच्या कॅमला पहिली वीस मिनिटं २००० ते २५०० फेऱ्यांवर ठेवायचं, आयडलिंगला सोडायचं नाही. कमी फेऱ्यांवर कॅमवर तेल शिंपडलं जात नाही आणि लोब तिथेच घासतो. तेल २०डब्ल्यू-५०, जस्त जास्त असलेलं. आजच्या गाड्यांच्या तेलात ते कमी असतं. पूर्ण गार झाल्यावर हेड पुन्हा टॉर्क, टॅपेट पुन्हा सेट. चाचणी बंद आवारात, गाडी ट्रेलरवर नेऊन.

मागच्या ॲक्सलचा क्राउन-पिनियन जुनाच आहे. साठच्या वेगापुढे तो गुणगुणतो. खोलून पाहिला तेव्हा बॅकलॅश मापात होता, निळा रंग लावून घेतलेला दातांचा ठसा मध्यावर होता आणि खड्डे कुठेच नव्हते. बेअरिंग आणि सील बदलून तसाच परत बसवला.